घोड्याचं पाणी

दादाला मी आवडत नव्हते आणि मला दादा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी आमच्यात माया शोधत बसायला नको. दादा माझा चुलत भाऊ, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, देवासला राहणारा. मी धारची. त्याच्याकडे मोठ्या काकांची अँबेसेडर, माझ्याकडे माझ्या वडिलांची, आबांची, पद्मिनी. दोन्ही गाड्या आता इतक्या जुन्या, की रस्त्यात लोक थांबून फोटो काढतात. आम्ही त्या फोटोसाठी ठेवल्या नव्हत्या. एकमेकांना मान खाली घालायला लावण्यासाठी ठेवल्या होत्या.

अँबेसेडर चांगली गाडी आहे. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे. दादासमोर माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. मागच्या सीटवर तीन अंगापिंडानं भरलेली माणसं बसली तरी कुणाचा गुडघा कुणाला लागत नाही. रस्ता फुटलेला असो की नसलेलाच असो, तिला फरक पडत नाही. आत बसलेल्याला होडीत बसल्यासारखं वाटतं. इंजिन सरळ, पान्याला जागा भरपूर, हात घालून काम करता येतं. पण स्टेअरिंग इतकं जड, की वळायचं असेल तर मनाची तयारी आधीच्या चौकात करावी लागते. ब्रेक लावल्यावर ती थांबते, पण आपल्या सवडीनं. पेट्रोल ढोसते. किंगपिनला वेळेवर ग्रीस मिळालं नाही तर पुढची चाकं कुरकुरतात. आणि तेल गाळते. दादाच्या अंगणात तिच्या पोटाखाली वहिनीनं कायमची एक जुनी परात ठेवली होती.

पद्मिनी हलकी. धारच्या बोळातून ती अशी निघते की भाजीवाल्यांना हातगाड्या हलवाव्या लागत नाहीत. गिअर दोन बोटांनी पडतो. तेवढ्याच पेट्रोलमध्ये अँबेसेडरच्या कितीतरी पुढे जाते. पण उन्हाळ्यात तिचा पेट्रोल पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि ती रस्त्याच्या मधोमध बसकण मारते. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची. पावसाळ्यात खालचा पत्रा गंजतो. टॅपेट सारखे जुळवावे लागतात, नाहीतर इंजिन टाइपरायटरसारखं वाजायला लागतं. ते काम मला कधीच नीट जमलं नाही. दादाला जमायचं. तो कानानं जुळवायचा आणि मग मोजमापाची पत्ती घालून बघायचा, ती बरोबर बसायची. हेही मी त्याला कधी बोलले नाही.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं त्यातच आहे.

दसऱ्याला सीमोल्लंघन सगळेच करतात. आमच्या पूर्वजांपैकी एक भाऊ धारच्या दरबारात, एक देवासच्या. एका दसऱ्याला धारचा भाऊ घोड्यावरून देवासला जाई, पुढच्या दसऱ्याला देवासचा धारला येई. पूजा, आपट्याची पानं, जेवण, आणि निघताना यजमानानं स्वतःच्या हातानं पाहुण्याच्या घोड्याला पूजेच्या कलशातलं पाणी पाजायचं. घोडा पाणी पीत असताना स्वारानं पाठ फिरवून उभं राहायचं. यजमानावर विश्वास आहे, म्हणून. घोडे गेले, संस्थानं गेली, गाड्या आल्या. मग यजमान रेडिएटरमध्ये पाणी घालू लागला. नाव तेच राहिलं, घोड्याचं पाणी. कलशात हळद, अक्षता, सुपारी असते, म्हणून रेडिएटरच्या तोंडावर पंचा धरून पाणी गाळून घालायचं. आणि पाहुण्यानं पाठ फिरवायची.

आबा गेल्यावर दादा म्हणाला होता, "आता धारचं पाणी शेजारच्या कुणाकडून तरी घालून घ्या. बाईमाणसानं हे करायचं नसतं." मी म्हटलं, "मग बाईमाणसाच्या हातचं जेवतोस कसा?" तेव्हापासून दर वेळी मी कलश उचलला की त्याच्या नाकपुड्या फुलायच्या.

दोन वर्षांपूर्वी धारची पाळी होती. दादा आणि वहिनी सकाळीच आले. त्या उन्हाळ्यात दादानं स्वतः अँबेसेडरच्या इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उतरवून त्याखाली नवं गॅस्केट बसवलं होतं, त्यामुळे त्याची छाती एक वीत पुढे. दारात गाडी लावून त्यानं काच खाली केली.

"काय बाईसाहेब, फडकं वाळलं का?"

"तू परात आणलीस का? मी अंगण आत्ताच धुतलंय."

गल्लीतली मंडळी जमायला लागली. त्यांना दरवर्षीचा तमाशा ठाऊक होता. दोन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, कुंकवाची बोटं ओढली, नारळ फुटला. इथपर्यंत सगळं नेहमीचं. मग दादानं मला न विचारता पद्मिनीचं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकावरची पांढरी पूड बोटानं खरवडली आणि गल्लीला दाखवली.

"ये देखो भिया, मीठ धरलंय. हिला गाडी कशाला दिली आबांनी? लोणच्याची बरणी द्यायची."

सगळे हसले. मीही हसले असते. बरणीची कल्पना वाईट नव्हती.

"तुझ्या गाडीत मीठ धरायला जागाच नाही," मी म्हटलं, "सगळीकडे तेल."

मग बॉनेट खाली टाकून तो हात पुसत म्हणाला, माझ्याकडे न बघता, "आबांना एक मुलगा असता ना, तर ही गाडी आज अशी नसती."

लोक आधीच्या हसण्यात होते, त्यातच हेही वाहून गेलं. वहिनीनं मात्र त्याच्या सदऱ्याची बाही ओढली. आबांच्या शेवटच्या आजारपणात मी पीथमपूरच्या कारखान्यातल्या शिफ्टच्या बसमधून उतरून थेट दवाखान्यात जायचे. दादा एकदा आला होता, सफरचंदं घेऊन. मला त्या क्षणी ती सफरचंदं आठवली.

जेवणं झाली. निघायची वेळ आली. दादानं रेडिएटरचं झाकण काढलं आणि रीतीप्रमाणे पाठ करून उभा राहिला, गल्लीतल्या कुणाला तरी अँबेसेडरच्या हेडची गोष्ट सांगत. मी कलश घेतला. पंचा रेडिएटरच्या तोंडावर धरला. आणि मग काढून खांद्यावर टाकला.

दोन वर्षं मी स्वतःला सांगत होते की पंचा घसरला. नंतर सांगू लागले की घाईत राहून गेला. ते खोटं आहे. मी औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर मी द्रव गाळते. न गाळलेल्याचं काय होतं हे मला या घराण्यात कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. कलशाच्या काठाशी अक्षता आल्या, मी त्या बघितल्या, आणि कलश आणखी कलता केला. पूजेत सगळ्यांनी मुठीमुठीनं वाहिलेल्या. सुपारी तेवढी अडकून राहिली, ती मी बोटानं आत धरली. म्हणजे तेवढी काळजी घेण्याइतकं माझं डोकं शांत होतं.

"झालं?" दादानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"झालं."

त्यानं वळून झाकण लावलं. आत बघितलं नाही. रीतच तशी.

सूर्य मावळता मावळता वहिनीचा फोन आला. घाटाबिल्लोदच्या पुढे गाडी बंद पडली होती. मी पद्मिनी काढून गेले. रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीजवळ, अँबेसेडर बॉनेट वर करून उभी, माळा अजून तशाच. दादा लांब दगडावर बसलेला. इंजिनातून वाफ येत होती, आणि त्या वाफेला भाताच्या पेजेचा वास होता.

"जवळपास कुठं स्वयंपाक चाललाय वाटतं," वहिनी म्हणाली.

मी हो म्हटलं.

अक्षता शिजल्या होत्या. शिजून फुगल्या होत्या, आणि रेडिएटरच्या आधीच गाळ धरलेल्या बारीक नळ्यांत बसल्या होत्या. पाणी फिरलं नाही, इंजिन उकळलं, गॅस्केट उडालं. दादाच्या गाडीतला तापमानाचा काटा वर्षानुवर्षं बंद होता. इंजिन तापलं की त्याला वासानं कळायचं. त्या दिवशी कळलं नाही, किंवा कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता तो मला काहीतरी लागेलसं बोलेल, आणि मग मीही बोलेन, आणि त्या भरात कदाचित खरंही निघून जाईल. तो दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवून बसला होता.

"हेड मी बसवलं होतं," तो म्हणाला. "नट बरोबर कसले नसणार. माझंच."

तिथं मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायला हवं होतं की तुझं नाही. मी पद्मिनीतून पाण्याची बाटली आणून त्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली. तोवर इंदूरहून गाडी उचलून न्यायला ट्रक आला.

देवासच्या मिस्त्रीनं गॅस्केट उडालंय हे बाहेरूनच ओळखलं आणि हेड काय, रेडिएटरही उघडायची तसदी घेतली नाही. "दादा, अब उमर हो गई," म्हणाला. दादानं ते जसंच्या तसं मान्य केलं. महिन्याभरात त्यानं अँबेसेडर सोनकच्छच्या एका लग्नाच्या गाड्या भाड्यानं देणाऱ्याला विकून टाकली. मला वहिनीनं फोनवर सांगितलं. मी विचारलं, "एवढी काय घाई होती?" ती म्हणाली, "विचारू नकोस बाई. पान्यांची पेटी पण देऊन टाकत होते, मी माळ्यावर लपवली."

पुढच्या दसऱ्याला माझी जायची पाळी. मी पद्मिनी चकचकीत करून देवासला गेले. वाटेत पंप तापला, फडकं टाकावं लागलं, आणि मी ठरवलं होतं की दादा टोमणा मारेल तर त्याला काय उत्तर द्यायचं. तो अंगणात खुर्चीवर होता. जिथं अँबेसेडर उभी असायची तिथं तेलाचा काळा डाग तेवढा राहिला होता. परात कुठं दिसली नाही.

"ये," तो म्हणाला. "त्रास नाही ना झाला वाटेत?"

दादानं मला असं कधीही विचारलं नव्हतं. घरात ट्यूबलाइट लुकलुकत होती. पूर्वी त्यानं चालत चालत हात वर करून स्टार्टर फिरवला असता. आता म्हणाला, "माणूस येणार आहे उद्या." वहिनीनं माझ्याकडे बघितलं. झाकण उघडायलासुद्धा तो बाटली तिच्यापुढे धरत होता. हात काखेत धरून बसायची त्याला सवय लागली होती, थंडी नसताना.

पाणी वहिनीनं घातलं. मी पाठ करून उभी होते, तेव्हा तो शेजारी येऊन म्हणाला, "आबांनी शहाणपणानं घेतली गाडी. तुझीच चांगली. अपन हार गए."

सगळ्या आयुष्यात मला त्याच्याकडून जे ऐकायचं होतं, ते हेच. आमचं भांडण मी संपवलं होतं. आणि भांडण संपल्यावर कळलं की त्या माणसाला उभं ठेवणारी गोष्ट तीच होती, आणि मलाही. त्याचा राग मला हवा होता. हा मऊ झालेला, माझी विचारपूस करणारा म्हातारा मला नको होता. पण बोलले नाही. मी मनातलं बोलणारी नाही. घरात, कामावर, सगळीकडे मला अबोल म्हणतात, जणू तो गुण आहे.

या वर्षी दसऱ्याच्या आधी वहिनीचा फोन आला. "आम्ही नाही येत गं धारला. ते म्हणतात, घोडाच नाही तर पाणी कुणाला पाजायचं. बंदच करू म्हणतात आता हे सगळं."

त्या रविवारी मी पद्मिनी घेऊन निघाले आणि देवासला न थांबता पुढे सोनकच्छला गेले. गाडी बघावी, एवढंच होतं मनात. मंडीच्या मागे ती सापडली. पांढरी रंगवलेली, आरशांना सोनेरी झिरमिळ्या, काचेवर कुठल्याशा नवरा-नवरीचं अर्धवट निघालेलं स्टिकर. मालक पान खात आला.

"चलती है?" मी विचारलं.

"दौड़ती है बेनजी! सीझन में एक दिन खाली नहीं." त्यानं बॉनेटवर थाप मारली. "मिस्त्री बोला था इंजन खतम. हमने खोला तो इंजन एकदम बढ़िया, हेड ऐसा कसा हुआ कि हमारे लड़के दोनों लटक गए खोलने में. खराबी थी रेडिएटर में. जानते हो क्या निकला? चावल! किसी ने पुलाव चढ़ा रखा था!" तो इतका हसला की पान सांभाळावं लागलं. "जिनकी थी उनसे मिलो तो केना, हाथ अच्छा है उनका."

मी हसले नाही. त्याला वाटलं असेल, मला विनोद कळत नाहीत.

देवासला पोचले तेव्हा दुपार होती. दादा आतल्या खोलीत पडला होता, वहिनी तिथंच शेंगा निवडत होती. मी चप्पल काढली, आत गेले आणि बसायच्या आधीच बोलले, कारण बसले असते तर बोलले नसते.

"दादा, तुझं हेड बरोबर बसलं होतं. मी पंचा काढून पाणी घातलं. अक्षतांसकट. मुद्दाम."

तो उठून बसला. वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पंचा कुठं होता?" त्यानं विचारलं. मला वाटलं होतं त्याहून हळू आवाजात.

"माझ्या खांद्यावर."

"आणि मी पाठ करून होतो."

"हो."

"त्या दिवशी संध्याकाळी तू तिथं उभी होतीस. मी माझंच म्हणालो. तू मला पाण्याची बाटली दिलीस."

"हो."

त्यानं हात काखेतून काढले आणि समोर धरले. तळवे, मग पालथे. आबांना मुलगा नसल्याबद्दल तो जे बोलला होता ते मी सांगणार होते, सफरचंदांचं सांगणार होते, रस्ताभर तेच घोकत आले होते. ते हात बघून त्यातलं काही सांगता आलं नाही.

"दोन वर्षं," तो म्हणाला आणि मग त्याचा आवाज चढला, इतका की शेजारची खिडकी उघडली. "दोन वर्षं मला वाटत होतं माझे हात गेले! नाक गेलं! रात्री नट मोजत होतो मी, कुठला राहिला, कुठला! गाडी विकली मी, नालायक! बापाची गाडी! वऱ्हाड वाहते आता ती! चालती हो. उठ. नाही, उभीच आहेस. चालती हो इथून!"

"अहो," वहिनी म्हणाली.

"तू मधे पडू नको! ही माझ्या घरात नको मला!"

मी चप्पल घातली. वहिनी माझ्यामागे दारापर्यंतही आली नाही, आणि ते बरोबरच होतं. गाडी सुरू केली. इंजिन नेहमीसारखं वाजलं, टक टक टक टक, आणि मी गिअर टाकणार तोच तो दारात आला.

"बंद कर."

मी बंद केली.

"टॅपेट आहेत की कडबा कापायचं मशीन? लाज नाही वाटत अशी गाडी रस्त्यावर आणायला? बॉनेट उघड." आणि आत वळून ओरडला, "माझी पेटी कुठंय?"

वहिनी आतूनच माळ्याकडे पळाली. स्टूल ओढल्याचा आवाज आला.

इंजिन निवेपर्यंत तो पायरीवर बसला आणि मला बोलत राहिला. त्यातलं इथं लिहिण्यासारखं थोडं आहे. आबा कसे मऊ होते आणि मी कशी विषारी निघाले. प्रयोगशाळेत लोकांची औषधं माझ्या हातात देतात, त्यांना काय कळत असेल. मी फणा काढायचा प्रयत्न केला नाही. मग उठून त्यानं टॅपेटवरचं झाकण उतरवलं, पत्ती काढली, पाना धरला. पहिल्या नटाला त्याचा पाना घसरला. त्यानं हात मागे घेतला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. त्यानंतर घसरला नाही. बोलणंही बंद झालं. एकेका टॅपेटपाशी तो मान वाकडी करून काहीतरी ऐकल्यासारखा थांबायचा, जरी इंजिन बंद होतं.

"लाव."

मी लावली. पद्मिनी अशी वाजली, जशी आबांच्या वेळी वाजायची.

तो हात पुसत आत गेला आणि पाण्याची कळशी घेऊन आला. "रेडिएटर अर्धा रिकामा असेल, तुला काय पडलंय," म्हणाला. मी खाली उतरले. दसरा नव्हता, पूजा नव्हती, पण माझे पाय आपोआप वळले आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. पाणी पडल्याचा आवाज आला. झाकण लागल्याचा आला.

"जा आता. आणि दसऱ्याला माझी वाट बघू नको. मी तुझ्या दारात येणार नाही, मेलो तरी."

"बरं."

"बरं म्हणते! चालती हो."

इंदूर ओलांडलं, बेटमा मागे पडलं. गाडी सुंदर चालत होती. मी सारखी काट्याकडे बघत होते; काटा जागेवर होता. तरी घाटाबिल्लोदच्या अलीकडे, त्याच टपरीपाशी, मी गाडी बाजूला घेतली. चहा सांगितला आणि इंजिन निवायची वाट बघत बसले. मग पदराची घडी हातावर घेऊन झाकण फिरवलं, आत वाकून बघितलं. दिसेना, म्हणून टॉर्च घेतला, बोटही घालून बघितलं.

पाणी स्वच्छ होतं.

"क्या हुआ मैडम, गरम हो गई?" टपरीवाल्यानं विचारलं.

"नहीं," मी म्हटलं आणि झाकण लावलं.